आजोबांच्या रायफलचा दस्ता: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या सागवानी दारांवरचं थरावर थर चढलेलं पॉलिश कसं उतरवायचं ते लिहिलं होतं आणि जाता जाता म्हटलं होतं की हीच रीत बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाही चालते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. नवल काही नाही म्हणा, आपल्या विदर्भात जंगल दाराशी, पूर्वी शिकारीचे परवाने निघायचे, मालगुजारांच्या घरी तर बंदूक असायचीच. मग शिकार बंद झाली, ती झाली हे फार बरं झालं, पण बंदुका घरातच राहिल्या, लायसन्स रिन्यू होत राहिलं आणि लाकडाकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

सगळ्यांना आधीच सांगतो कारण प्रत्येक उत्तरात ते लागू आहे, लोखंडाला हात लावायचा नाही, जुनं लाकूड वाचतं का ते आधी बघायचं, आणि नवं केलंच तरी जुनं फेकायचं नाही.

प्रश्न: आमच्या आबाजींची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .315 रायफल आहे. आता बाबा बहात्तरचे झाले, लायसन्स माझ्या नावावर करायचा अर्ज करून राहिलो. दस्ता पकडीपाशी तडकला आहे, समोरच्या, नळीखालच्या लाकडाला पण मागून चीर गेली, वरून कोणीतरी कधीतरी चॉकलेटी ऑइल पेंट मारून ठेवला. ओळखीतला सुतार म्हणतो रायफल आठ दिवस माझ्याकडे ठेवा, सागाचा नवा कोरा दस्ता बनवून देतो. देऊ का?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: नका देऊ भाऊ. सुतार कितीही हुशार असो, 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही लायसन्स लागतं, आणि लायसन्स नसलेल्या माणसाकडे रायफल सोडून येणं म्हणजे त्यालाही अडचणीत घालणं आणि बाबांनाही. कायद्यात शस्त्र म्हणताना त्याचे सुटे भागही धरले आहेत, त्यामुळे 'नुसतं लाकूडच तर दिलं' हे स्वतःच ठरवून टाकू नका. सरळ रस्ता असा की रायफल लायसन्सवाल्या डीलरकडे रीतसर जमा करा, पावतीवर रायफलचा नंबर लिहून घ्या, लाकूड त्याच्याच कारागिराकडून उतरवून घ्या आणि सुताराने काम कुठे बसून करायचं हे डीलरला आणि परवाना शाखेला विचारून ठरवा, जमलं तर लेखी. बहुतेक वेळा सुतारच डीलरच्या दुकानी जाऊन बसला तर सगळ्यांचीच झोप शांत राहते. तुमचा पत्ता नागपूर शहरातला म्हणजे परवाना पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागातल्या वाचकांना जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं.

वारसाचं म्हणाल तर बाबांचं वय तुमच्या पथ्यावरच पडतं, 2016 च्या शस्त्र नियमांत धारक 70 वर्षांचा झाला किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे असलं की तो हयात असतानाच वारसाच्या नावावर करायची सोय आहे. फक्त एक बघा, 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर तिसरीचा विचार आधी करा आणि लाकडाचा नंतर.

आता लाकूड. माझं मत विचाराल तर हा दस्ता नवा करायची गरजच नाही बहुतेक. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन वेगळे रोग दिसतात. पुढच्या लाकडाला मागून चीर गेली म्हणजे रायफलचा धक्का लाकडावर सारखा बसत नाहीये. इशापूरची .315 ही ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्याच घराण्यातली, तिच्यात दस्ता आणि पुढचं लाकूड असे दोन वेगळे तुकडे असतात, आणि गोळी सुटली की मागे येणारा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला दोन छोट्या खांद्यांवर येतो. हे दोन्ही खांदे लोखंडाला एकाच वेळी, सारखे टेकले पाहिजेत. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, असं वर्षानुवर्षं झालं की एक खांदा दबतो, दुसरा मोकळा राहतो, मग सगळा मार एकाच बाजूवर आणि लाकूड मधोमध फाटतं. हा रोग इतका जुना की इशापूरला बनलेल्या लष्करी .303 रायफलींच्या पुढच्या लाकडात फाटू नये म्हणून आडवा स्क्रूच घालायचे, आजही तो स्क्रू दिसला की जाणकार लगेच ओळखतात.

म्हणून नुसती चीर चिकटवून भागत नाही, खांदे परत सारखे टेकवावे लागतात. कारागीर तिथे कठीण लाकडाच्या पातळ चकत्या बसवतो किंवा एपॉक्सीचा (दोन भाग कालवून करायच्या पक्क्या गोंदाचा) थर देऊन लोखंडाचा नेमका ठसा उमटवून घेतो, लोखंडाला आधी मेण लावून म्हणजे ते चिकटून बसत नाही. चकत्यांची पद्धत जुनी, मला तीच आवडते कारण उद्या कोणाला ती काढायची झाली तर निघते.

उतरवताना एक गोष्ट डीलरच्या माणसाला आवर्जून सांगा, नवीन पोरं चुकतात. या घराण्यातल्या बऱ्याच रायफलींत दस्ता एका लांब बोल्टने मागून आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं राहतं. पुढचं लाकूड न काढता मागून बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक आतल्या आत लाकूड फाडतं. तुमची चीर अशीच कोणाच्या तरी घाईतून आली नसेल असं मी सांगू शकत नाही. आधी पुढचं लाकूड, मग बोल्ट, हा क्रम सोडायचा नाही.

पकडीपाशीची चीर वेगळी. तिथे पन्नास वर्षांचं बंदुकीचं तेल मुरलेलं असतं, लाकूड काळं पडलेलं असतं, आणि तेलकट लाकडाला जगातला कोणताही गोंद धरत नाही. आधी तेल काढा. खडूची बारीक पावडर अ‍ॅसिटोनमध्ये कालवून घट्ट लेप करा, काळ्या भागावर थापा, वाळला की पिवळा झालेला दिसेल, तो झाडून परत नवा लेप. एप्रिल-मे असेल तर आपलं ऊनच कामाला येतं, दस्ता काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सकाळच्या उन्हात थोडा वेळ ठेवला की तेल घामासारखं वर येतं, ते पुसायचं आणि परत ठेवायचं, पण दुपारी बाराच्या उन्हात विसरून गेलात तर एकाच्या दोन चिरा होतील. लेप पांढराच्या पांढरा निघायला लागला की मग चीर हलकेच पाचर घालून उघडा, आत सावकाश सुकणारी एपॉक्सी भरा, पाच मिनिटांत सुकणारी नको, तिला आत मुरायला वेळच मिळत नाही, आणि सायकलची जुनी ट्यूब कापून दस्त्यावर गच्च गुंडाळा. शिकंजा गोल दस्त्यावर घसरतो, ट्यूब नाही घसरत. चीर मोठी असेल तर आतून तिरपी पितळी पिन घालून घ्या.

ऑइल पेंट काढताना पॉलिश पेपर घेऊन बसू नका हो. पेंट रिमूव्हर लावून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. कारखान्यातून निघताना लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर ठेवलेलं असतं, घासून घासून ते लोखंडाच्या खाली गेलं की रायफल कायमची उघडीवाघडी दिसते आणि ते परत भरून येत नाही. शिवाय त्या पेंटखाली दस्त्यावर कारखान्याचे शिक्के दाबलेले असू शकतात, ते आबाजींच्या रायफलचा जन्मदाखलाच समजा. दबलेले खड्डे घासायचे नाहीत, वाफेने उचलायचे. ओलं सुती फडकं खड्ड्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवायचं, चुर्र आवाज येतो, फडकं उचललं की दबलेले तंतू फुगून वर आलेले दिसतात. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद याच क्षणाला होतो. जिथे तंतू तुटलेच आहेत तिथे मात्र वाफ काही करत नाही, ती खूण राहू द्या.

प्रश्न: आमच्या बारा बोअरचा दस्ता अर्धा वाळवीने खाल्ला, वाचण्यासारखा नाही. डीलर म्हणाला लाकूड तुम्ही आणून द्या, आमचा कारागीर बनवेल. लकडगंजातून साग आणू की शिसव? शेतात एक मोठी बाभूळ पडली आहे ती चालेल का? अक्रोडच लागतो असं काही जण म्हणतात.
(वाचक, काटोल)

उत्तर: अक्रोड लागतोच असं नाही, पण तो उगाच नावाजलेला नाही. काश्मिरी अक्रोड हलका, चिवट, धक्का झेलणारा, पटाशीखाली लोण्यासारखा कापला जातो आणि एकदा सुकला की फारसा हलत नाही. नागपुरात चांगला जाड अक्रोड मिळणं कठीण आणि महाग, मिळाला तर घ्याच.

साग म्हणजे आपला अभिमान, आलापल्ली-बल्लारशाच्या सागाची सर कशाला नाही, अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांनासुद्धा बल्लारशाचाच साग गेला. पण दार वेगळं आणि दस्ता वेगळा. साग उन्हापावसात जागचा हलत नाही हा त्याचा मोठा गुण, मात्र तो उभ्या रेषेत पटकन चिरतो, पातळ कडांना टवके उडतात, अंगातच तेल असल्याने चिकटवताना त्रास देतो आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांमुळे पटाशीची धार दर थोड्या वेळाने जाते. बारा बोअरचा धक्का जोरात असतो, पकडीपाशी दस्ता मनगटाएवढाच उरतो, तिथे मला साग बिनघोर वाटत नाही. एअर रायफलला खुशाल लावा.

शिसव चालेल. जड आहे, सागापेक्षा बराच, म्हणजे बंदूक मागे भारी होईल पण धक्काही कमी जाणवेल. काळसर जांभळी रेघ आणि तेल पाजल्यावर जो रंग उघडतो तो बघून माणूस काम थांबवून बघतच राहतो. कारागिराला मेहनत जास्त, पैसे जास्त मागेल, द्या. बाभूळ ताकदीची खरी, बैलगाडीला आणि अवजारांना आपण वापरतोच, पण सुकताना फाटते आणि कीड लवकर धरते, पडलेल्या झाडाचा ताजा ओंडका तर अजिबात नको. धावड्याचंही तसंच, कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्यासारखं लाकूड नाही पण दस्त्याएवढा जाड तुकडा सुकवताना चिरतो. तिवस मिळाला तर बघा, चिवट असतो.

माझी खरी शिफारस मात्र वेगळीच आहे. नागपूरच्या महाल, इतवारीत जुने वाडे पाडतात तेव्हा शिसवाच्या चौकटी, तुळया, खांब निघतात, काही जुने लाकूडवाले ते घेऊन ठेवतात. ते लाकूड कित्येक पिढ्या नागपूरच्याच हवेत सुकलेलं असतं, आता ते आणखी कुठे आकसणार? आत खिळे असतात, म्हणून चांगलं लोहचुंबक घेऊन जा आणि सगळीकडून फिरवून बघा, एक तुटका खिळा रंध्याचं पातं घालवतो. नवं घेतलं तर बिल घ्या आणि साग-शिसवाला वनविभागाची टीपी (लाकूड नेण्याचा परवाना) विचारा, चोरीच्या लाकडाचा दस्ता कायदेशीर बंदुकीला लावण्यात काही अर्थ नाही.

तुकडा निवडताना रंगावर जाऊ नका, रेषा बघा. दस्ता जिथे वळून पकडीत येतो तिथे लाकडाच्या रेषा पकडीच्या लांबीला धरून गेल्या पाहिजेत. आडव्या किंवा तिरप्या जाऊन बाहेर निघत असतील तर दिसायला कितीही देखणा तुकडा असो, धक्क्याने तिथेच मोडणार. कागदावर जुन्या दस्त्याचा आकार काढून, कापून तो कागद लाकडावर ठेवून फिरवून बघा, मग पसंत करा. नक्षीदार गाठीगाठींचा भाग मागे, रुंद भागात येऊ द्या, पकडीत नको.

आणि सुकणं. उघड्या हवेत इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब, दस्त्याचा तुकडा सव्वादोन-अडीच इंच जाड, म्हणजे ताजं लाकूड घेतलं तर दोन-अडीच वर्षं गेली. दोन्ही टोकांना मेण किंवा रंग फासा नाहीतर टोकाकडून फाटेल, भिंतीपासून लांब, सावलीत, खाली पट्ट्या देऊन आडवं ठेवा. दर महिन्याला वजनकाट्यावर ठेवून वजन त्यावरच खडूने लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. ज्यांना घाई आहे ते यंत्राने ओल मोजून घेतात, 10-12 टक्के आली की कारागिराला द्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा नागपुरात काढल्याशिवाय बाहेरून आणलेल्या तुकड्याला पटाशी लावू नये असं माझं ठाम मत आहे, मग तो काश्मीरचा अक्रोड का असेना.

बसवण्याचं काम कारागिराचं, पण तुम्ही जवळ बसून बघा, बघण्यासारखं असतं. लोखंडाच्या भागाला काजळी आणि तेलाचा पातळ हात देतात, लाकडात दाबतात, उचलतात, जिथे काळा ठिपका उमटला तेवढंच खरवडतात. परत काजळी, परत दाबणं, परत खरवडणं. संध्याकाळपर्यंत बोटभर खाच होते. कोणी दोन तासांत बसवून देतो म्हणाला तर त्याच्याकडे नका देऊ.

प्रश्न: दस्त्याला पीयू (पॉलियुरेथेन) मारू की मेलामाइन की फ्रेंच पॉलिश? चकचकीत हवं आहे.
(वाचक, वाडी)

उत्तर: चकचकीत का हवं? हातात धरायची वस्तू आहे, घामाने घसरेल, आणि पीयूचा थर एका ठिकाणी उडाला की तेवढाच तुकडा दुरुस्त होत नाही, सगळं उतरवून परत मारावं लागतं. चपड्याचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश देखणं दिसतं पण पाणी पडलं की पांढरे डाग.

तेल पाजा. आपल्याकडे जवसाला काय तोटा, चटणीचं जवस तेच. पण घाणीवरचं कच्चं जवसाचं तेल सुकायला दिवसच्या दिवस घेतं आणि पावसाळ्यात चिकट राहतं, हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड लिनसीड' मागा, त्यात लवकर सुकायची औषधं घातलेली असतात, ते खायचं नाही, लहान मुलांपासून लांब ठेवा. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत जातो. नंतरचे हात अगदी थोडे, बोटांनी, तळव्याने गरम होईपर्यंत चोळून, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वरचं राहिलेलं सगळं पुसून टाकायचं. वर तेल राहिलं की त्याची चिकट साय धरते. मध्ये निदान एक दिवस. हात किती द्यायचे ते लाकूडच सांगतं, तेल प्यायचं थांबलं की थांबा. पुढे वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, एक थेंब चोळला की झालं.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तर विचारूच नका. फडकं मोकळ्या जागी सरळ पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. सुताराच्या हाताखालच्या पोराला हे सांगितलंय की नाही ते विचारा.

प्रश्न: काकांची रायफल माझ्या नावावर झाली. ती थोडी कस्टमाइज करायची आहे, नळी चार इंच छोटी, पूर्ण मॅट ब्लॅक, जुने अक्षरं-नंबर बफ करून प्लेन, आणि दस्ता माझ्या मापाचा. खर्च किती येईल?
(वाचक, मनीषनगर)

उत्तर: पहिल्या तीन गोष्टींचा खर्च तुम्हाला परवडणार नाही, कारण तो पैशात नाही. नळी छोटी करणं हे शस्त्र कायद्याच्या कलम 6 मध्ये येतं आणि नंबर किंवा कारखान्याची खूण पुसणं कलम 8 मध्ये, दोन्ही गुन्हे आहेत. बफिंगवाला नंबर जरी वाचवतो म्हणाला तरी अक्षरांच्या कडा गोल होतात आणि पुढच्या रिन्यूअलला तपासणारा अधिकारी तेच आधी बघतो. लोखंडाचा निळा-काळा रंग गेला असेल तर तो परत चढवायचं काम लायसन्सवाल्या कारागिराकडून करून घ्या, स्प्रे पेंट नको, त्याच्या खाली गंज निवांत वाढत राहतो. काकांनी जी रायफल एवढी वर्षं सांभाळली तिचा चेहरा का पुसता?

दस्ता तुमच्या मापाचा करायचा हे मात्र अगदी बरोबर बोललात, आणि खरं कस्टमाइज करणं तेच. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा इंच असतं, उंच माणसाला जास्त, बुटक्याला कमी. ली-एनफिल्डच्या काळात सैन्यातसुद्धा लांब, नेहमीचा, आखूड आणि त्याहून आखूड असे दस्ते मिळायचे आणि त्यांतल्या बऱ्याच दस्त्यांवर मापाचं इंग्रजी अक्षर ठोकलेलं असायचं. डीलरच्या दुकानात रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघून घ्या, डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच आपोआप एका रेषेत दिसली तर दस्ता तुमचाच आहे. मान खाली घालावी लागत असेल तर वरची कड उंच आहे, गाल हवेत राहत असेल तर गालाचा उंचवटा हवा. दुर्बीण लावायची असेल तर तो लागतोच. आखूड वाटला तर आधी मागे रबरी पॅड लावून बघा, लाकूड कापायचं नंतर.

प्रश्न: दस्त्यावर चौकडीची नक्षी हाताने कापता येते का?
(वाचक, भंडारा)

उत्तर: येते. बारीक दात असलेलं हत्यार लागतं, इंचाला 18 ते 24 रेघा असा हिशोब असतो. शिसव-अक्रोडावर 20-22 पर्यंत जा, सागावर 18 च्या वर नको, छिद्रं मोठी असतात आणि टोकं तुटतात. आधी फळीच्या तुकड्यावर सराव करा आणि जुन्या दस्त्यावर जिथे मुळात नक्षी नव्हती तिथे नवी घालू नका.

प्रश्न: सासऱ्यांची जुनी .177 ची एअर रायफल माळ्यावर सापडली. दस्ता दोन तुकडे. मुलगा बारावीत आहे, त्याला सुतारकामाची आवड आहे, त्याच्याकडून दस्ता बनवून घेऊ का? लायसन्स लागतं का?
(एक वाचक ताई, अजनी)

उत्तर: ताई, या महिन्यातलं माझ्या सगळ्यात आवडीचं पत्र तुमचं. .177 बोअर आणि 20 जूलच्या आत ताकद असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही, त्यामुळे घरी बसून शिकायला याहून चांगली वस्तू नाही. पण आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते. दस्ता काढणं म्हणजे दोन-तीन स्क्रू, ते त्याला करू द्या, रायफल आधी दाबून ताणलेली नाही आणि छर्रा आत नाही हे बघून. नळीच्या मागचा सिलिंडर उघडायचा मात्र नाही, स्प्रिंग सुटली तर बोटं आणि डोळे दोन्हीला धोका, ते काम शिकंजा असलेल्या कारागिराचं.

एअर रायफल म्हणून हलकं काम समजू नका त्याला म्हणावं. स्प्रिंगचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडे येतो, म्हणून स्क्रूच्या भोवतीचं लाकूड चुरगळतं आणि स्क्रू सैल होत राहतात. भोकात पितळेची बारीक नळी बसवली की स्क्रू लाकडाला नाही, नळीला आवळला जातो. जुने दोन तुकडे चिकटवून नमुना करा, त्यावरून कागद कापा, आणि या वेळी साग चालेल, लकडगंजात दोन-अडीच इंची जाडीचा छोटा तुकडा मागा. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, जुन्या शस्त्रांचं दालन आहे, एखाद्या रविवारी त्याला घेऊन जा, जुन्या कारागिरांनी लाकूड लोखंडाला कसं भिडवलंय ते काचेबाहेरूनही कळतं. झाल्यावर नेम धरायचा तो मागे भक्कम भिंत असलेल्या निशाणावर, पक्ष्यांवर नाही, चिमणीवर सुद्धा नाही.

प्रश्न: आमच्याकडची रायफल कापडी कव्हरमध्ये गोदरेजच्या कपाटात असते. पावसाळ्यानंतर दस्त्यावर पांढरी बुरशी आणि लोखंडाला लाल गंज दिसतो. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करावी लागते तेव्हाही तीच काळजी असते. काय करावं?
(एक वाचक ताई, उमरेड)

उत्तर: कव्हर काढून टाका, निम्मं काम तिथेच झालं. कापड, कातडं, फोम सगळे हवेतली ओल धरून ठेवतात आणि ती रात्रंदिवस लोखंडाला लावून ठेवतात. कव्हर फक्त नेण्या-आणण्यापुरतं. कपाटात रायफल उभी, नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे नळीतलं तेल वाहून लाकडात मुरणार नाही. धरमपेठच्या वाचकांच्या दस्त्याची पकड काळी पडली ती बहुतेक याच कारणाने. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या ठेवा आणि त्या रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. किल्ली आणि गोळ्या वेगवेगळ्या जागी, हे सांगायला नकोच.

बुरशी कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटचं किंचित ओलं फडकं, सावलीत वाळवून जवसाच्या तेलाचा एक हात. पाण्याने धुऊ नका. वरचा हलका गंज तेल आणि सगळ्यात बारीक स्टीलच्या लोकरीने निघतो, दाब न देता, नंबराच्या अक्षरांवरून नाही. खोल गेलेला गंज खरवडायचा नाही, कारागिराला दाखवा.

आचारसंहितेत जमा करताना आदल्या दिवशी लोखंडाला तेलाचा हात द्या, दस्त्याला मेण, आणि रायफलचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पावतीवर नंबर आणि 'दस्ता सुस्थितीत' एवढे दोन शब्द लिहून घ्यायची विनंती करा, बहुतेक जण लिहून देतात. फोटो स्वतःजवळच ठेवा ताई, घरच्या पोरांना ते स्टेटसवर टाकू देऊ नका. परत आणली की त्याच संध्याकाळी पुसून घ्या, दुसऱ्या दिवसावर नका ठेवू, आणि लायसन्सची मुदत 5 वर्षांची असते, ती संपायची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.